औषधाच्या चिठ्ठीवरची लॅटिन अक्षरे

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. इतके जुने औषधाचे नाते असलेल्या या पट्ट्यात आजही गोळी किती वेळा घ्यायची, हे चिठ्ठीवर बऱ्याचदा लॅटिनच सांगते. ओडी म्हणजे ‘ओम्नि दिए’, रोज एकदा. बीडी म्हणजे दोनदा, टीडीएस म्हणजे ‘तेर दिए सुमेन्दुम’, तीनदा घ्यावे. एचएस म्हणजे झोपताना, एसओएस म्हणजे ‘सि ओपुस सित’, गरज पडली तरच. चाकणच्या कामगाराला मात्र टीडीएस ठाऊक असतो तो पगारातून कापलेला कर म्हणून. यात त्याचे अज्ञान नाही, कारण ही अक्षरे जाणकारांनाही चकवतात. ओडी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे उजवा डोळा होतो. अमेरिकेत ‘रोज’ आणि ‘दिवसाआड’ यांच्या लॅटिन खुणांची गल्लत होते, म्हणून रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने २००४ साली त्या वापरायच्याच नाहीत असे ठरवले. आपल्याकडे भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ साली औषधांची नावे सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहायला सांगितले. ते योग्यच आहे, पण सुवाच्य टीडीएससुद्धा रुग्णाला टीडीएसच दिसतो.

यावर कोणी म्हणेल, केरळात शिकलेल्या डॉक्टरची चिठ्ठी भोसरीच्या मेडिकलवाल्याला कळते ती या अक्षरांमुळेच, आणि ओपीडीच्या रांगेत सविस्तर लिहायला वेळ कुणाला आहे? मुद्दा खरा आहे. डॉक्टर आणि औषधविक्रेता यांच्यात ती खुशाल राहोत. गोळी गिळणारा तिसराच असतो, त्याच्यासाठी मराठीत किंवा हिंदीत एक ओळ हवी. मग १-०-१ लिहिले की झाले, असेही म्हणता येईल. लॅटिनपेक्षा ते कितीतरी सोपे, पण त्यात सकाळ, दुपार, रात्र गृहीत धरलेली असते, आणि इथे हजारो माणसे नाइट शिफ्ट करून सकाळी झोपतात. त्यांनी ‘झोपताना’ची गोळी सकाळी घ्यायची की रात्री कामावर जाताना? तिने गुंगी येत असेल, तर मशीनवर उभ्या माणसाच्या हाताचा प्रश्न असतो. तीनदा घ्यायचे अँटिबायोटिक जागेपणीच्या थोड्या तासांत उरकले, तर पुढचे कितीतरी तास शरीरात औषध कमी पडते. म्हणून ‘दर आठ तासांनी’ असे स्पष्ट लिहावे, आणि त्याआधी डॉक्टरांनी कामाची पाळी कोणती ते विचारावे.