चंद्रकला आणि सचेतपट

घाटकोपरच्या एका महापालिका शाळेतील बाईंनी चंद्रकलांचा पाठ सचेतपटाद्वारे (ॲनिमेशनद्वारे) शिकविण्याची इच्छा नुकतीच मजपाशी व्यक्त केली.

हे काम आता सोपे झाले आहे: १९७४ साली विजया मुळे यांनी ‘एक अनेक और एकता’ हा सचेतपट निर्माण केला, तेव्हा जी शेकडो चित्रे हातांनी रेखाटावी लागत, त्यांची तजवीज, आरंभीची व अंतीची स्थिती दिली की, कॅनव्हासारखी ऑनलाइन साधने आज स्वतःच करतात.

माझा आग्रह असा की, प्रथम मराठी निवेदन ध्वनिमुद्रित करावे, त्याच्या गतीबरहुकूम चित्रे हलवावीत, आणि पृथ्वीच्या छायेमुळे कला होतात हा मुलांचा दृढ गैरसमज निवारण्यासाठी चंद्राचा सूर्याभिमुख अर्धा भाग अखंड प्रकाशितच दाखवावा.

शंका असल्यास अवश्य विचाराव्यात. मुलुंडच्या आसपास असाल, तर समक्षही दाखवीन.