रिकाम्या गाडीचं भाडं

दिवाळीची सुट्टी संपत आली की मराठवाड्यातल्या घराघरांत एकच हिशेब चालू होतो : पोरं पुण्याला परत पाठवायची कशी? 2025 च्या दिवाळीत हा हिशेब जरा जास्तच टोचला. सप्टेंबरच्या अतिवृष्टीने पिकं झोपलेली, हातात पैसा नाही. एसटीने दहा टक्के हंगामी भाडेवाढ जाहीर केली आणि पूरस्थिती पाहून मागेही घेतली. त्याआधी मे महिन्यात राज्य सरकारचं ॲप-टॅक्सीचं धोरण आलं होतं. त्यात मागणी कितीही वाढली तरी भाडं मूळ दराच्या दीडपटीवर नेता येणार नाही आणि चालकाने ऐनवेळी बुकिंग रद्द केलं तर त्याला दंड, अशी कलमं होती. पुण्या-मुंबईत या बातमीचं स्वागत झालं. परभणी तालुक्यातल्या पेडगावात तिचा उपयोग काय, हे मात्र कुणी विचारलं नाही.

पेडगाव हे महसुली मंडळाचं गाव. परभणी–मनमाड लोहमार्गावर त्याचं स्वतःचं स्थानकही आहे. ऑगस्ट 2025 मध्ये जालन्याची वंदे भारत नांदेडपर्यंत वाढवली गेली, तीही याच रुळांवरून धावते. पण ती पहाटे पाचला नांदेड सोडते आणि त्यानंतर तासाभराच्या आत परभणीला लागते. पेडगावकराला ती गाठायची तर पहाटेच्या अंधारात परभणीला जायला आधी दुसरी गाडी सांगावी लागते. शिवाय वंदे भारत मुंबईला जाते आणि गावातली बहुतेक पोरं पुण्यात असतात.

म्हणून गाडी ‘लावली’ जाते. गावात टॅक्सी असा शब्द फारसा कुणी वापरत नाही. ‘पेशल गाडी’ म्हणतात किंवा नुसतं ‘गाडी करून गेले’ म्हणतात. पूर्वी ती कमांडर जीप किंवा सुमो असे. आता डिझायर किंवा अर्टिगा असते, लग्नाला क्रूझर. शहरी वाचकाला ड्रायव्हरसकट गाडी म्हणजे चैन वाटते. गावात ती चैनीसाठी क्वचितच लागते. बाळंतिणीला माहेरी आणायचं असतं, म्हाताऱ्याला संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातून घरी न्यायचं असतं, नाहीतर नीटच्या परीक्षेला पोराला वेळेत पोचवायचं असतं. 108 ची रुग्णवाहिका अपघाताला धावून येते. ठरलेल्या तारखेला पुण्याच्या डॉक्टरकडे नेणं तिचं कामच नाही.

भाड्याचं गणित तोंडपाठ असतं, पण ते मांडून पाहिलं की खटकतं. परभणीहून पाथरी, माजलगाव, पाथर्डी, अहिल्यानगर करत पुणं पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास पडतं. समजा दर किलोमीटरला 13 रुपये ठरला. गिऱ्हाईक पुण्यात उतरलं तरी हिशेब साडेसातशे किलोमीटरचा होतो, म्हणजे 9,750 रुपये. ड्रायव्हरचा भत्ता वेगळा, टोल-पार्किंग वेगळं. यातले 4,875 रुपये ज्या प्रवासाचे आहेत त्या प्रवासात गाडीत ड्रायव्हरशिवाय कुणीच नसतं. दिवसाला किमान 300 किलोमीटर धरण्याची रीतही गाडी बसून राहण्याच्या भीतीतून आली आहे. गाडी थोडं चालून दिवसभर उभी राहिली तर मालकाने खायचं काय?

यात गाडीवाल्याची लबाडी नाही. हप्ता, विमा, परमिट आणि टायर यांचा खर्च गाडी रिकामी असली तरी चालूच राहतो. डिझेलही महाग. 2021 साली पेट्रोलने शंभरी ओलांडली तेव्हा महाराष्ट्रातल्या महाग शहरांत परभणीचं नाव सर्वांत वर होतं, कारण इथलं इंधन मनमाडजवळच्या डेपोतून सुमारे तीनशे किलोमीटर टँकरने येतं. तो टँकरही परत जाताना रिकामाच जातो. थोडक्यात, परभणीकर गाडीत बसण्याआधीच एका रिकाम्या फेरीचे पैसे देऊन बसलेला असतो.

ॲपवाल्यांनी ‘फक्त एका बाजूचं भाडं’ ही जाहिरात केली तेव्हा मोठा शोध लागल्यासारखा गाजावाजा झाला. खरं तर दादरहून पुण्याला जाणारी काळी-पिवळी टॅक्सी हेच करत आली. चार सीट भरल्या की निघायचं, पुणे स्टेशनला पुन्हा चार भरायच्या आणि परतायचं. ॲपने यात फोन आणला आणि गिऱ्हाईक शोधण्याचा वेळ कमी केला. मात्र दोन्ही टोकांना गिऱ्हाईक हवं, ही अट तशीच राहिली. पुणे–मुंबई, पुणे–नाशिक, अगदी पुणे–संभाजीनगर मार्गावरही ती अट पुरी होते. पेडगावच्या बाबतीत होत नाही. दिवाळीनंतरच्या रविवारी सगळी परभणी पुण्याकडे निघालेली असते. त्या रात्री पुण्याहून परभणीला कोण येणार? दिवाळीच्या आधी चित्र नेमकं उलटं असतं. त्यामुळे दीडपटीची मर्यादा कितीही कडक असली तरी मुळात गाडीच न मिळणाऱ्या गावाला तिचा फायदा नाही.

खासगी ट्रॅव्हल्सच्या बसला तरी 2018 पासून एसटीच्या दीडपटीची मर्यादा आहे. ती पाळली जाते का, हा वेगळा विषय. गावातल्या गाडीला ना मीटर, ना दरफलक.

रिकाम्या फेरीवरचा उपाय सरकारच्याही आधी ड्रायव्हर मंडळींनीच काढला आहे. त्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप असतात. ‘उद्या सकाळी वाघोलीहून परभणी, गाडी रिकामी’ असा निरोप पडतो आणि कुणाचा तरी भाचा, कुणाचं तरी पार्सल त्या गाडीत येतं. पुण्याच्या नगर रस्त्यावर खराडी आणि वाघोलीच्या आसपास मराठवाड्याकडची माणसं गाड्यांची वाट पाहत उभी असतात, ती याच जोरावर. कायदा इथे बऱ्यापैकी समजूतदार आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात मोटारकॅबच्या प्रवाशांकडून वेगवेगळं भाडं घ्यायला मुभा आहे. फक्त एसटीसारखं वाटेत थांबून माणसं चढवता-उतरवता येत नाहीत.

ही ‘वाटेत माणूस घ्यायचा नाही’ची अट जुनी आहे आणि तिचा उगम प्रवाशाच्या सोयीत नाही. परभणी निजामाच्या राज्यात असताना, 1932 साली, तिथली सरकारी बससेवा 27 गाड्यांनिशी सुरू झाली ती निजामाच्या रेल्वेच्याच पोटात. इंग्रजी मुलखातही मोटारी रेल्वेचं उत्पन्न खातात अशी ओरड होती. 1939 च्या कायद्याने परमिटची चौकट बसवली, तिच्यामागे ही ओरड होतीच. त्या काळी रेल्वेला वाचवायला आखलेल्या रेषेचा काच आज पेडगावच्या पोराला होतो, तोही जिथे रेल्वे सोयीची नाही अशा मार्गावर.

गोष्टीचा अंधारा भाग पांढऱ्या पाटीचा. पिवळ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे भाड्याची गाडी, हे सर्वांना ठाऊक असतं. तरीही गावात पुष्कळदा शेजाऱ्याची पांढऱ्या पाटीची गाडी ‘डिझेल टाका आणि वर काही द्या’ म्हणून नेली जाते. स्वस्त पडते, माणूस ओळखीचा असतो. परमिटशिवाय भाडं मारल्याचा दंड 2019 च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपये आहे, पण दंडाचं एक वेळ निभावतं. खरा घोर विम्याचा आहे. खासगी वापराच्या पॉलिसीत भाड्याने वाहतूक बसत नाही. अपघात झाला आणि पैसे घेतल्याचं सिद्ध झालं की विमा कंपनीला हात झटकायला जागा मिळते. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने साध्या हलक्या वाहनाचा परवाना असलेल्यालाही साडेसात टनांखालचं व्यावसायिक वाहन चालवता येईल, असा निकाल दिला. त्याने ड्रायव्हरचा प्रश्न सुटला. गाडीच्या पाटीचा प्रश्न आहे तिथेच आहे.

दुसरा प्रश्न झोपेचा. भाडं दोन्ही बाजूंचं घेतलेलं असलं तरी दुसऱ्या दिवशीचं भाडं चुकू नये म्हणून ड्रायव्हर पुण्यात माणसं उतरवून रात्रीच मागे फिरतो. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली होती, ती पाच किंवा अधिक कामगार ठेवणाऱ्या उपक्रमांसाठी. एका गाडीचा मालक स्वतःच चालक असेल तर त्याचे तास कोण मोजणार? दाटीवाटीचंही तेच. ऑक्टोबर 2023 मध्ये सैलानी बाबांच्या दर्शनाहून नाशिकला परतणारी मिनीबस वैजापूरजवळ समृद्धी महामार्गावर ट्रकवर आदळली आणि बारा जण गेले. सतरा आसनांच्या त्या गाडीत पस्तीस माणसं होती. भाडं जास्त डोक्यांत वाटलं की प्रत्येकाला परवडतं, हे त्या गर्दीमागचं साधं कारण.

सरकारला मनावर घ्यायचं असेल तर फार खर्चाचं काम नाही. परभणीच्या बसस्थानकाबाहेर आणि रेल्वे स्थानकावर पुणे, संभाजीनगर, नांदेड, हैदराबाद इथपर्यंतचे किलोमीटर आणि दर लिहिलेला फलक लावावा आणि परतणाऱ्या रिकाम्या गाड्यांची नोंद ठेवणारी एक खिडकी उघडावी. ड्रायव्हरांचे ग्रुप जे काम चोरून-मारून करतात, ते उजेडात येईल आणि गिऱ्हाईकाला पिवळी पाटी सहज सापडेल.

हे लवकर करायचं आणखी एक कारण आहे. जालना–नांदेड द्रुतगती मार्ग परभणी जिल्ह्यातून जाणार आहे. तो समृद्धीला मिळाला की मुंबईचे तास कमी होतील, यात शंका नाही. समृद्धीवर एप्रिल 2025 पासून मोटारीला किलोमीटरमागे 2 रुपये 6 पैसे टोल लागतो. फास्टॅगला गाडीत कोण बसलंय ते कळत नाही. रिकाम्या गाडीचाही तेवढाच टोल कापला जातो आणि पेडगावच्या हिशेबात तो गिऱ्हाईकाच्या नावावर दोनदा लिहिला जातो.