बिनकामाच्या जॉबची कुळकथा

पहिल्या वर्षाला वर्कशॉपमध्ये माइल्ड स्टीलचा तुकडा कानशीने घासलेला नाही, असा मेकॅनिकल इंजिनिअर महाराष्ट्रात शोधून सापडायचा नाही. एका तुकड्याला खाच, दुसऱ्याला दात; दोन्ही एकमेकांत बसले पाहिजेत आणि फटीतून उजेड दिसता कामा नये. इन्स्ट्रक्टर गुण्या लावून बघतो, सही करतो, सबमिशन संपतं आणि जॉब भंगारात जातो. जिचा कुणाला काडीचाही उपयोग नाही अशी वस्तू हाताला फोड येईस्तोवर घडवायची, ही कल्पना मुळात सुचली कुणाला, या प्रश्नाने मला फार वर्षं पछाडलं होतं. त्याचा माग काढत गेलं की माणूस मॉस्कोला पोचतो.

तिथल्या इम्पीरियल टेक्निकल स्कूलचं मूळ अनाथ मुलांना कारागिरी शिकवणाऱ्या संस्थेत आहे. १८६८ साली तिला उच्च तांत्रिक शिक्षणसंस्थेचं रूप मिळालं. संचालक होते व्हिक्टर डेला-वॉस आणि पुढे जगभर नाव झालं ते त्यांचंच. मला मात्र त्यांच्या सावलीतला दिमित्री सोव्हेत्किन जास्त जवळचा वाटतो. कानस आणि लेथ यांच्याशी रोजचा संबंध असलेल्या या माणसाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी कार्यशाळेतला अभ्यासक्रम प्रत्यक्ष बसवला. पद्धतीला नाव मिळतं ते साहेबाचं. हे तिकडेही चुकलेलं नाही.

त्याआधी कारागिरी शिकायची म्हणजे उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षं राबायचं. काय शिकायला मिळेल ते दारात आलेलं गिऱ्हाईक ठरवणार. मॉस्कोकरांनी हे उलटंपालटं केलं. सुतारकाम, लेथवरचं काम, लोहारकाम, फिटिंग अशा प्रत्येक हुन्नराला वेगळी कार्यशाळा दिली. जितकी मुलं तितक्या जागा, तितकेच अवजारांचे संच. करायचे नमुने सोप्याकडून अवघडाकडे लावलेले, आणि ड्रॉइंगशिवाय हत्याराला हात लावायचा नाही. आधीचा नमुना पास झाल्याखेरीज पुढचा मिळत नसे. सुरुवातीच्या नमुन्यांना मापात सूट होती, पुढे पुढे ती बंद होत जाई. मुलांना कानशीच्या दातांची ठेवण नीट कळावी म्हणून अवजारांच्या अनेक पटींनी मोठ्या प्रतिकृतीही केल्या होत्या. आज एनबीएच्या मानांकनाच्या फायली भरताना प्राध्यापक मंडळी ‘आउटकम’ आणि ‘रुब्रिक’ म्हणून जे घामाघूम होऊन लिहितात, त्यातलं बरंचसं इथे दीडशे वर्षांपूर्वी एका भिंतीवरच्या नमुन्यांत मावलं होतं.

१८७६ साली फिलाडेल्फियाच्या जागतिक प्रदर्शनात हे नमुने मांडले गेले. बॉस्टनच्या एमआयटीचे अध्यक्ष जॉन रंकल ते पाहून भारावले. रंकल मूळचे गणिती. विस्कटलेल्या हस्तकौशल्याला कुणी पायऱ्यांत मांडलेलं पाहून त्यांना हर्ष झाला असणार. त्याच उन्हाळ्यात एमआयटीने ही पद्धत स्वीकारली.

आणि मग वादाला तोंड फुटलं. बॉस्टनपासून फारशा लांब नसलेल्या वुस्टरच्या संस्थेत १८६८पासून वॉशबर्न शॉप्स चालत होती. तिथे मुलं पगारी कारागिरांच्या बरोबरीने बाजारात विकला जाणारा माल बनवत. त्या शॉपचे प्रमुख मिल्टन हिगिन्स यांना ही बिनकामाच्या तुकड्यांची शाळा पटणं शक्यच नव्हतं. वस्तू खरी असेल, गिऱ्हाईक खरं असेल, तरच हाताला शिस्त लागते, हा त्यांचा आग्रह. दुसऱ्या बाजूचा मुद्दाही बिनतोड होता: दहावा नग करताना हात शिकतो, शंभरावा नग करताना फक्त शॉपचा गल्ला भरतो. जॉर्जियातल्या नव्या टेक्निकल स्कूलने १८८८ साली वुस्टरचा कित्ता गिरवला, घडी बसवायला खुद्द हिगिन्स गेले. १८९२ साली तिथलं शॉप जळालं आणि काही वर्षांतच विक्रीचा तो खटाटोप बंद पडला. मॉस्को जिंकलं, असं समजलं गेलं.

माझ्या मते मात्र जिंकलं ते अर्धंच मॉस्को. कारण डेला-वॉस यांच्या संस्थेत शिकवण्याच्या कार्यशाळांच्या जोडीला खराखुरा यंत्रकारखाना होता. त्यात पगारी कामगार होते, बाहेरच्यांच्या ऑर्डरी घेतल्या जात, वाफेची इंजिनं आणि पंप तयार होत. नमुने घासून हात बसला की विद्यार्थी तिकडे जात. बिनकामाचा जॉब ही पहिली पायरी होती. अमेरिकेने पायरी उचलून नेली, जिना तिथेच राहिला. आपल्या फिटिंग शॉपमध्येही तीच सुटी पायरी आहे.

उरलेला जिना शोधायचा तर शिरूर तालुक्यातल्या पाबळला जावं. हिंदुस्थान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांनी आखलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात शाळकरी मुलं वेल्डिंग, बांधकाम, शेती हे सगळं गावाला लागणाऱ्या कामांतून शिकतात, आणि त्या कामाचा खर्च मांडणं हाही अभ्यासच. पुढे एमआयटीने बाहेर फॅब लॅब, म्हणजे लोकांना हव्या त्या वस्तू बनवता येतील अशा कार्यशाळा, काढायला घेतल्या, तेव्हा अगदी सुरुवातीच्यांपैकी एक पाबळला निघाली. रंकलच्या संस्थेला हिगिन्सचा रस्ता सापडायला सव्वाशे वर्षं लागली म्हणायची.

इंजिनिअरिंग कॉलेजांनी मात्र पाबळकडे ‘ग्रामीण’ म्हणून पाहिलं आणि सोडून दिलं. मी पाहिलेल्या बहुतेक कॉलेजांत हॉस्टेलच्या मोडक्या खाटा दुरुस्त करायला बाहेरून वेल्डर येतो. तो काम करत असतो त्या वेळी वर्कशॉपमध्ये साठ मुलं साठ तुकडे घासत असतात.