बाबांचा डेक, आपली गाणी

सुट्टीत घरी गेलात की एक गोष्ट हमखास होते. बाबा गाडीची किल्ली देतात, चार मित्र मागे कोंबले जातात, सिंहगड किंवा लोणावळ्याचा बेत ठरतो आणि मग कुणीतरी विचारतं, "गाणी लाव की रे!" आपल्या खिशात हजारभर गाणी असतात. समोर डॅशबोर्डवर मात्र १९९० च्या दशकातला कॅसेट डेक असतो, आणि कप्प्यात भीमसेन जोशींच्या दोन कॅसेटी. वाईट काहीच नाही, पण घाटात चौघांचं त्यावर एकमत होणं कठीण!

"मग नवीन स्टीरिओ बसव ना," असं सगळेच सांगतात. पण बऱ्याच घरांत तो डेक काढायचा नसतो. त्याच्यावर अजून कॅसेटी लागतात, आणि काही कॅसेटी अशा असतात की ज्यांच्यावरचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. आमच्याकडे आजीच्या ओव्या अशाच एका साठ मिनिटांच्या कॅसेटवर आहेत. तेव्हा अट साधी आहे: डेक जसा आहे तसा चालू राहिला पाहिजे आणि आपला प्लेअरही त्यावर वाजला पाहिजे. प्लेअर म्हणजे ड्रॉवरमध्ये पडलेला जुना आयपॉड (२००१ साली आला, २०२२ साली बंद झाला) किंवा सरळ आपला मोबाईल. दोन्हीला नियम तेच.

आधी डेककडे नीट बघा

बाजारात जाण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं काढा. डेकच्या तोंडावर किंवा मागे 'ऑक्स' लिहिलेलं भोक किंवा लाल-पांढऱ्या पिनांची जोडी आहे का? कॅसेट नीट वाजते का? रेडिओत एफएम आहे, की नुसतं मीडियम वेव्ह? पहिल्याचं उत्तर 'हो' असेल तर तुम्ही नशीबवान, दहा मिनिटांचं काम आहे. कॅसेट वाजत असेल तर ॲडॅप्टर चालेल. फक्त एफएम असेल तर ट्रान्समीटर. आणि यातलं काहीच जमत नसेल तर सोल्डरिंग आयर्न गरम करायला ठेवा.

पहिला मार्ग : कॅसेट ॲडॅप्टर

कॅसेटच्या आकाराचा डबा आणि त्यातून बाहेर आलेली वायर. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही जादूच वाटते, कारण आत टेपच नसते! पण सेकंड इयरची मॅग्नेटिझम आठवा. कॅसेटची पट्टी ३.८१ मिलिमीटर रुंद असते आणि सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने डेकच्या हेडसमोरून सरकते. तिच्यावरचं चुंबकत्व बदलत जातं आणि हेडच्या कॉइलमध्ये अगदी किंचित व्होल्टेज तयार होतं. ॲडॅप्टरमध्ये पट्टीच्या जागी दुसरं हेड बसवलेलं असतं. प्लेअरचा करंट त्यातून गेला की तसंच बदलणारं क्षेत्र तयार होतं आणि डेकचं हेड ते पट्टी समजून उचलतं. थोडक्यात काय, समोरासमोर ठेवलेली दोन हेडं म्हणजे एक छोटा ट्रान्सफॉर्मर.

मग आत दातेरी चाकं कशाला? तर डेकला फसवायला. बरेच डेक रीळ फिरत नसेल तर 'कॅसेट संपली' असं समजून ती बाहेर फेकतात किंवा दिशा उलटवतात. चाकांमुळे दोन्ही रिळं फिरत राहतात. स्वस्त ॲडॅप्टरमधली खरखर बहुधा याच चाकांची असते. ऑटो रिव्हर्स डेकमध्ये आवाज आलाच नाही तर एकदा दिशा बदलायचं बटण दाबून बघा, कारण ॲडॅप्टरचं हेड एकाच बाजूच्या ट्रॅकसमोर असतं.

आवाज दबका येत असेल तर ॲडॅप्टरला शिव्या देण्याआधी डेकचं हेड पुसा. कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलक्या हाताने. वर्षानुवर्षांची तपकिरी भुकटी निघेल. डॉल्बीचं बटण असेल तर बंद ठेवा. ते पट्टीची सुरसुर कमी करण्यासाठी आहे आणि इथे पट्टीच नाही.

दुसरा मार्ग : एफएम ट्रान्समीटर

हा सिगारेट लायटरच्या भोकात बसतो आणि ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये स्वतःचं इवलंसं स्टेशन चालवतो. वायर नको, स्क्रू ड्रायव्हर नको. पण शहरात त्याची तारांबळ उडते. एफएम रिसीव्हरचा एक गुण आहे: एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन सिग्नल आले तर तो जास्त ताकदवान सिग्नल धरतो आणि दुसरा जवळजवळ दाबून टाकतो. याला कॅप्चर इफेक्ट म्हणतात. म्हणून रिकामी जागा मिळाली तर आवाज स्वच्छ येतो. पण गाडी पुढे जाऊन तिथे दुसऱ्या गावाचं स्टेशन लागलं, की दोन्ही सिग्नल बरोबरीला येतात आणि आपल्या गाण्यात मधेच जाहिरात घुसते. पुणे-मुंबई प्रवासात हा अनुभव घेतलेले बरेच सापडतील.

उपाय दोन. स्टेशनांपासून दोन्ही बाजूंनी निदान ०.२ मेगाहर्ट्झ लांब असलेली जागा निवडा, आणि ती निघण्याआधी निवडा, चालवताना नाही. दुसरं म्हणजे ट्रान्समीटर अँटेनाच्या जितका जवळ तितकं बरं. आवाजाची मर्यादा मात्र लक्षात ठेवा: एफएम प्रसारणात १५ किलोहर्ट्झच्या वरचं काही जात नाही. इंजिनाच्या आवाजात ते कुणाला कळणारही नाही म्हणा! रेडिओ नुसता मीडियम वेव्हचा असेल तर हा मार्ग बंद.

तिसरा मार्ग : ऑक्स

सगळ्यात सरळ. साडेतीन मिलिमीटरच्या पिनेचं टोक म्हणजे डावा चॅनल, मधलं कडं उजवा आणि मागचा भाग अर्थ. दुसरीकडे पांढरी पिन डावी, लाल पिन उजवी. ज्या मोबाईलला हेडफोनचं भोकच नाही त्याला टाइप-सीचा छोटा कनेक्टर लागतो. तो घेताना आत डीएसी असलेला घ्या. नुसत्या वायरवाला प्रत्येक फोनवर चालत नाही.

इथे लेव्हलची गंमत समजून घ्या. प्लेअरचा आवाज अगदी कमी ठेवून डेकचा फुल केला, तर डेक गाण्याबरोबर सुरसुरही मोठी करतो. उलट प्लेअर फुल केला तर काही डेकचा इनपुट भरून जातो आणि आवाज फाटतो. म्हणून प्लेअर साधारण ७५-८० टक्क्यांवर ठेवा आणि पुढचं सगळं डेकच्या बटणाने करा. प्लेअरमधला बास बूस्ट बंद. बास हवा तर डेकवर वाढवा.

चौथा मार्ग : डेक उघडणे

ऑक्स नाही, कॅसेटची यंत्रणा अडकते, एफएमला कंटाळलात. आता खरं इंजिनिअरिंग! पण आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. काही डेकना चोरीविरोधी कोड असतो आणि बॅटरी निघाली की ते तो मागतात. त्यामुळे कोड हाताशी असल्याशिवाय बॅटरीला हात लावू नका.

कल्पना अशी: टेप असो वा रेडिओ, सिग्नल शेवटी व्हॉल्यूमच्या पॉटवर येतो. तिथेच आपला सिग्नल घुसवायचा. स्टीरिओ पॉटला दोन रांगांत तीन-तीन पिना असतात (लाउडनेसवाल्या पॉटला एकेक जास्त). मल्टीमीटर घ्या. जी पिन बॉडीशी शून्य ओहम दाखवते ती अर्थ. बटण फिरवलं की जिचा रेझिस्टन्स दोन्ही टोकांशी बदलतो ती मधली सरकती पिन. उरली ती इनपुट. आपल्याला हवी तीच.

इनपुटकडे येणारा ट्रॅक दोन्ही चॅनलचा कापा आणि मधे स्विचवाला जॅक टाका. या जॅकची खुबी अशी की पिन घातलेली नसताना जुना रस्ता जोडलेला राहतो आणि घातली की तो तुटून प्लेअर जोडला जातो. म्हणजे आजीची कॅसेट पहिल्यासारखीच वाजणार. प्लेअरच्या प्रत्येक चॅनलमध्ये एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घाला, म्हणजे डीसी इकडून तिकडे जाणार नाही. पॉट ५० किलोओहमचा असेल तर 'एक भागिले दोन पाय आर सी' या सूत्राने कटऑफ साधारण ३.२ हर्ट्झ येतो, म्हणजे बासला धक्का नाही. घरात ०.१ मायक्रोफॅरडचाच आहे म्हणून तो लावलात, तर कटऑफ ३२ हर्ट्झवर जाईल आणि ढोल थोडा हडकुळा वाजेल. वायर शिल्डवाली घ्या आणि जॅक प्लॅस्टिकचा. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. सगळं सामान एका फेरीत मिळतं.

एक इशारा. व्हॉल्यूमचं बटण गोल गोल फिरतच राहत असेल तर तो पॉट नाही, एन्कोडर आहे. आवाज आतली आयसी कमी-जास्त करते. तिथे हा उद्योग करू नका.

ती शिट्टी कुठून येते?

सगळं जोडलं, गाणं लागलं, आणि मोबाईल गाडीच्याच चार्जरला लावला की बारीक शिट्टी सुरू. ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टी वर चढते. हा ग्राउंड लूप. मोबाईलचा अर्थ चार्जरमधून एका वाटेने बॉडीला जातो आणि ऑडिओ केबलमधून दुसऱ्या वाटेने. दोन वाटांच्या मधे जो थोडासा व्होल्टेजचा फरक असतो तो डेक गाणं समजून वाजवतो.

फरक कसला, तर अल्टरनेटरच्या रिपलचा. बारा ध्रुवांच्या थ्री फेज अल्टरनेटरमध्ये एका फेऱ्यात ३६ रिपल येतात. पुलीचं प्रमाण अडीच धरा. इंजिन ८०० आरपीएमला असताना अल्टरनेटर २००० ला फिरतो, म्हणजे शिट्टी १२०० हर्ट्झची. इंजिन ३००० ला नेलंत की ४५०० हर्ट्झ. म्हणजे गाडी तुम्हाला स्वतःचा आरपीएम गाऊन दाखवते आहे! खात्री करायला चार्जर काढा. शिट्टी गेली तर लूपच होता. मग प्लेअर स्वतःच्या बॅटरीवर चालवा, किंवा केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. त्यात दोन छोटे १:१ ट्रान्सफॉर्मर असतात. सिग्नल जातो, अर्थची वाट तुटते. स्वतःच्या बॅटरीवर चालणारा ब्लूटूथ रिसीव्हर ऑक्सला लावला तरी तेच साधतं, कारण मोबाईल आणि डेक यांच्यात वायरच राहत नाही.

जिथे मी चुकलो

डेक बाहेर काढला की मागे वायरींचं जंजाळ दिसतं. बाजारातल्या बहुतेक डेकना रंगांची पद्धत एकच: पिवळी म्हणजे कायमची १२ व्होल्ट, लाल किल्ली फिरवल्यावरची, काळी अर्थ, निळी अँटेना किंवा ॲम्प्लिफायरची. पांढरी, करडी, हिरवी, जांभळी अशा स्पीकरच्या जोड्या, आणि काळी पट्टी असलेली त्या जोडीची मायनस. कंपनीतून बसून आलेल्या डेकचे रंग वेगळे असू शकतात, तेव्हा मल्टीमीटरवरच विश्वास ठेवा.

मी थर्ड इयरला असताना 'मायनस म्हणजे अर्थ' असं गृहीत धरून स्पीकरच्या दोन मायनस वायरी सरळ बॉडीला जोडल्या. एक वायर वाचवली म्हणून स्वतःवर खूशही झालो. किल्ली फिरवली, जळका वास आला आणि बाबांचा डेक मुका झाला. पॉवर आयसी गेली होती. कारण बहुतेक कार डेकमध्ये ब्रिज ॲम्प्लिफायर असतो. गाणं नसतानाही स्पीकरच्या दोन्ही वायरींवर बॅटरीच्या साधारण अर्धे, म्हणजे सहाएक व्होल्ट असतात. त्यातली कुठलीही अर्थ नसते. मल्टीमीटर मायनस आणि बॉडीमध्ये धरला असता तर दहा सेकंदांत कळलं असतं. बाबा काही बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी विचारलं, "ओव्यांची कॅसेट आतच राहिली का रे?" ती बाहेरच होती, पण तो प्रश्न अजून लक्षात आहे. आयसी बदलून डेक सुरू झाला. मल्टीमीटर त्याच महिन्यात घेतला.

तर मग काय करावं?

ऑक्स असेल तर ऑक्स. नसेल आणि कॅसेट वाजत असेल तर ॲडॅप्टर. डेक उघडावा लागत नाही आणि आवाज बहुधा एफएमपेक्षा बरा. लांबच्या प्रवासात, रिकाम्या मुलखात एफएम चालून जातो. डेक उघडायचाच असेल तर पहिला प्रयोग भंगारातल्या डेकवर करा, घरच्यावर नाही. फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. चांदीचा कागद गुंडाळणारे महाभाग होस्टेलात कमी नाहीत, आणि त्यातूनच वायरिंग पेटतं. केबल गिअर आणि पॅडलपासून लांब बांधा. गाणं बदलायचं काम शेजारच्या सीटवरच्याला द्या.

आणि हो, घाट उतरून घराजवळ आलात की एकदा पिन काढून बाबांची कॅसेट लावून बघा. ती नीट वाजली, तरच तुमचं काम बरोबर झालं.