धर्मादाचा रकाना

आधी माझी वही दाखवतो, मग बाकीचे सांगतो. मे २०१९, पान पहिले. सलाईन व इंजेक्शने ३४०. किड्यांवरचा फवारा १८५. रिक्षा, पाळधी ते घर, २००. दूध ५०. गोणपाट दोन, उधार.

मी जळगावच्या एका जिनिंगमध्ये मुनीम आहे. कापसाच्या गाड्या, तोलाई, हमाली, वटाव हे लिहिण्यात जन्म गेला. त्यामुळे जखमी कुत्रे घरी आणले तरी त्याला पाणी पाजून झाल्यावर हात वहीकडेच जातो. ते कुत्रे महामार्गालगत, पाळधीच्या थोडे अलीकडे पडले होते. गळ्यात तार रुतलेली आणि तारेभोवती किडे. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, उघड्या जखमेवर माशी बसली की दोन दिवसांत किडे होतात. बॅटरीच्या उजेडात चिमट्याने एकेक किडा काढायला दीड तास लागला. बायको बॅटरी धरून उभी होती. कुत्रे जगले.

महिनाअखेरीस बेरीज मारली तर ६,८७० रुपये. पगार २२,०००. बायको म्हणाली, "शेटच्या वहीत पैचा फरक चालत नाही तुम्हाला, आणि आपल्या वहीला तळच नाही."

मग लोक मदत करायला लागले. कोणी १००, कोणी ५००, सगळे फोनवरून थेट माझ्या खात्यात. पगार, गॅसची सबसिडी आणि गाढवाच्या पायाच्या प्लास्टरचे पैसे एकाच खात्यात! त्याच सुमारास मी जुनी मोटारसायकल बदलली. गल्लीत कुजबुज झालीच, "मुनीमजींचं बरं चाललंय." राग आला, पण खरे सांगायचे तर त्यांना दाखवायला माझ्याकडे वेगळा हिशेब नव्हता. संस्था काढायची, हे त्या दिवशी ठरले.

जुनीच रीत

जनावरांचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न नवा नाही. १८३२ साली मुंबईत इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारणाऱ्याला कुत्र्यामागे ८ आणे द्यायला सुरुवात केली, तेव्हा पारशी लोक रस्त्यावर उतरले आणि दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीशा यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरापोळ उभे राहिले. ते नुसत्या दयेवर चालले नाही. व्यापाऱ्यांनी कापूस, साखर अशा मालाच्या उलाढालीवर स्वखुशीने लाग बसवला आणि त्यातून चारापाण्याची सोय लागली. जळगाव-धुळ्याच्या पेठा पुढे कापसावर वाढल्या, आणि गावोगावच्या पांजरापोळांमागे हीच रीत होती. जळगावात नेरी नाक्याचे पांजरापोळ ठाऊक नाही असा माणूस विरळा.

जुन्या बिलांत हमाली-तोलाईच्या खाली 'धर्मादा' असा रकाना असे. गंमत म्हणजे कायद्यानेही तो शब्द तसाच उचलला. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० याच्या ५४व्या कलमात धर्मादा आहे. व्यापाराच्या रिवाजाने धर्मकार्यासाठी जी रक्कम बिलात कापली जाते, तिचा व्यापारी मालक नसतो, विश्वस्त असतो, आणि तिचा हिशेब त्याने धर्मादाय कार्यालयाला द्यायचा असतो. आपण ज्यांच्याकडे नोंदणीला जातो, त्यांना धर्मादाय आयुक्त म्हणतात ते उगाच नाही.

कागद कोणते, कशासाठी

वाटा तीन. एक, न्यासपत्र करून थेट सार्वजनिक न्यास. दोन, संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली संस्था. तिला किमान ७ सभासद लागतात आणि आपल्या राज्यात ती १९५०च्या कायद्याखाली न्यास म्हणूनही नोंदवावी लागते. तीन, कंपनी कायदा, २०१३ मधली कलम ८ची कंपनी. तिचा वार्षिक कागदपत्रांचा व्याप आमच्यासारख्यांना झेपणारा नाही.

आम्ही दुसरी वाट धरली. मी, एक मेडिकलवाला, एक शिक्षिका, एक रिक्षावाला, पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ, कॉलेजातला एक मुलगा आणि धुळ्याला देवपुरात राहणारी माझी बहीण असे सात जण. पहिला अर्ज त्रुटी निघून परत आला. चूक आमचीच. कार्यालय म्हणून माझ्या घराचा पत्ता दिला, संमतीपत्र माझ्या सहीचे आणि वीजबिल अजून वडिलांच्या नावावर. ते जाऊन नऊ वर्षे झाली होती. तेव्हा अर्जाआधी वीजबिल काढून नाव वाचा.

नोंदणी झाली की संस्थेच्या नावाने पॅन आणि बँक खाते. त्यानंतर आयकर. '१२एबी' म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाला करसवलत. त्यासाठी साधारणपणे वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के उद्देशावर खर्चावे लागतात. '८०जी' म्हणजे देणगीदाराला सवलत. १ एप्रिल २०२६पासून २०२५चा नवा आयकर कायदा लागू, त्यात कलमांचे आकडे वेगळे आहेत. पण व्यवहारात लोक याच नावांनी विचारतात.

८०जीबद्दल गैरसमज फार. देणगीदाराला पूर्ण रक्कम परत मिळत नाही. आमच्यासारख्या संस्थेला दिलेल्या देणगीचा निम्मा भाग, तोही मर्यादेत, करपात्र उत्पन्नातून वजा होतो आणि त्यासाठी त्याने जुनी करप्रणाली निवडलेली हवी. २,०००च्या वर रोख दिली तर सवलत नाही. पोतेभर तांदूळ, औषधे, जुन्या चादरी यांनाही नाही. म्हणून वस्तूंची वेगळी वही ठेवतो. त्यात कोणाच्या घरून किती पोळ्या आल्या तेही असते.

अमेरिकेतल्या भाच्याने ५०० डॉलर पाठवतो म्हटले, तेव्हा आमच्या सीएने हात जोडले. "काका, आधी विचारा, पासपोर्ट कुठला?" भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे चालतात. तिकडचे नागरिकत्व घेतले असेल तर ती विदेशी देणगी होते आणि तिच्यासाठी एफसीआरएची परवानगी लागते. भाचा नागरिक झालेला. पैसे घेतले नाहीत.

याशिवाय भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची मान्यता. १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालचे हे मंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल त्याच्या पहिल्या अध्यक्षा. २०२३च्या नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीचे काम पालिकेकडून घ्यायचे तर ही मान्यता हवीच. साप, मोर, घोरपड यांचे काम मात्र वनखात्याचे. १९२६ला फोन लावा, स्वतः पिंजऱ्यात ठेवू नका.

कागदाने पोट भरत नाही

नोंदणी झाली त्या महिन्यात खात्यात आले शून्य रुपये. पैसा कागदामुळे येत नाही, हिशेब दिसल्यामुळे येतो. आम्ही दर महिन्याच्या ५ तारखेला मागच्या महिन्याचे पान फोटो काढून सगळ्या देणगीदारांना पाठवतो. मेलेल्या जनावरांचा खर्चही त्यात असतो, लपवत नाही. आज खर्च महिन्याला ३२,०००च्या आसपास आहे आणि ६४ जण दरमहा २५० देतात. म्हणजे बरोबर निम्मा. बाकीचा पोळ्याच्या वर्गणीतून आणि अडल्या वेळी सात जणांच्या खिशातून.

खर्च कमी करायचे मार्गही सांगतो. निवारा बांधायच्या मागे लागू नका. शेड, पाणी, रखवालदार यांतच संस्था बुडते. उपचार करा, बरे झालेले जनावर होते तिथे सोडा. गाय-बैलासाठी १९६२वर फिरता दवाखाना आहे, जिल्ह्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. आधी तिथे जा. प्रत्येक कार्यकर्त्याला रेबीजची प्रतिबंधक लस द्या, हा खर्च पहिला. विश्वस्त बदलला तर ९० दिवसांत चेंज रिपोर्ट भरा आणि ३१ मार्चला खाती बंद करून ऑडिट करून घ्या. हे टाळणाऱ्या संस्था कागदावर जिवंत असतात आणि गरजेच्या वेळी बँक त्यांची सही घेत नाही.

तुमच्या मनात असे काही काढायचे असेल, तर उद्याच नोंदणीला पळू नका. चाळीस रुपयांची वही आणा आणि सहा महिने पैन्‌पै लिहा. वही भरली तर सहा जण आपोआप भेटतील.

गेल्या हंगामात आमच्या शेटनी मला बिलाचा नमुना बदलायला सांगितला. आता हमाली-तोलाईखाली पुन्हा एक रकाना आहे. धर्मादा, मुक्या जनावरांसाठी, गाडीमागे ५ रुपये.