गृहिणीचा एक मुहूर्त

शाळेची घंटा वाजली कीं गणिताचा तास संपून मराठीचा सुरू होतो. फळ्यावरील उदाहरण अर्धें राहिलें तरी गुरुजींस खडू खालीं ठेवावा लागतो. तीसांहून अधिक वर्षें हा नियम मीं पाळिला, आणि दर जूनमध्यें साऱ्या शाळेचें वेळापत्रकही मीच आंखीत असें. परंतु ज्या घरांतून मी वेळेवर जेवून शाळेस निघें, त्या घरालाही कांहीं वेळापत्रक आहे कीं नाहीं, हा प्रश्न पेन्शन सुरू होईपर्यंत मला कधीं पडला नाहीं.

आमचें गांव पिशोर, कन्नड तालुक्यांतील. घरांत सहा माणसें : आम्ही उभयतां, चिरंजीव, सूनबाई व दोन नातवंडें. सूनबाई शिक्षिका आहे. गेल्या श्रावणांत धाकटी नात पाठ केलेली कविता आईस म्हणून दाखवावयास गेली. "थोड्या वेळानें हं," असें उत्तर मिळालें. आई मोकळी झाली तेव्हां पोर पुस्तकावरच झोंपली होती. दुसरे दिवशीं तेंच, तिसरे दिवशींही तेंच. चौथे दिवशीं नात आईकडे गेलीच नाहीं. निमूटपणें माझ्याजवळ येऊन बसली. कविता ऐकून आनंद व्हावा, तों मनाला चटका लागला. मूल मागावयाचें सोडून देतें, तो दिवस बरा नव्हे, हें जुन्या शिक्षकास सांगावें लागत नाहीं.

सूनबाईच्या अंगीं आळस नाहीं. पहांटे पांचपासून तिचे हात चालू असतात. मग वेळ जातो कोठें? तिला सांगून-विचारून मी आठवडाभर घड्याळ व वही घेऊन ओसरीवर बसलों. परीक्षा तिची नव्हती, घराची होती.

निकाल लाजिरवाणा लागला. सकाळीं चहा चार वेळां होई. पहिला साडेपांचास माझा, दुसरा चिरंजीवांचा, तिसरा पूजा आटोपल्यावर सौभाग्यवतींचा, चौथा आल्यागेल्याचा. प्रत्येक वेळीं आधण, गाळणें व कपबश्या विसळणें आलेंच. जेवणाच्या पंक्ती तीन. एके दिवशीं पोळ्या लाटतांना सूनबाई नऊ वेळां उठली : किल्ली कोठें, मोजे कोठें, पंचांग कोठें, या प्रश्नांस उत्तर देणारें माणूस घरांत एकच! काम फार होतें हें खरें. परंतु त्याहून अधिक म्हणजे तें मोडून मोडून होत होतें, आणि तें मोडणाऱ्यांच्या यादींत पहिलें नांव माझेंच निघालें.

आमच्या पूर्वजांस कालविभाग ठाऊक नव्हता असें नाहीं. अहोरात्राच्या साठ घटका, दोन घटकांचा एक मुहूर्त, म्हणजे आजचीं अठ्ठेचाळीस मिनिटें. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत राजाच्या दिवसाचे आठ व रात्रीचे आठ भाग पाडून प्रत्येकास काम नेमून दिलें. दक्षस्मृतींत गृहस्थाच्या दिवसाचेही आठ भाग सांगितले आहेत. राजाचा दिवस विभागला गेला, गृहस्थाचा विभागला गेला. गृहिणीचा मात्र ज्यानें त्यानें मागेल तसा तोडून घेतला.

हें केवळ पिशोरचेंच नव्हे. भारत सरकारच्या कालविनियोग-पाहणीप्रमाणें इ. स. २०१९ मध्यें गृहकृत्यें करणारी स्त्री त्यांत दिवसास सरासरी २९९ मिनिटें घालवी, पुरुष ९७. पुढें २०२४ च्या पाहणींत हे आंकडे २८९ व ८८ असे आले. स्त्रियांचीं दहा मिनिटें वांचलीं, तों पुरुषांनींही आपलीं नऊ कमी करून घेतलीं! २८९ मिनिटें म्हणजे सुमारें बारा घटका, आणि त्यांत मुलांची देखभाल धरलेली नाहीं, ती निराळी.

पश्चिमेकडे यावर विचार झाला तो कारखान्याच्या धर्तीवर. अमेरिकेंत ख्रिस्तीन फ्रेडरिक यांनीं १९१३ सालीं ग्रंथ लिहून गृहिणीचीं पावलें व हालचाली मोजल्या. चूल, पाणी व मांडणी कामाच्या क्रमानें जवळ आणिली. जर्मनींत १९२६ मध्यें मार्गारेटे लिहोत्स्की यांनीं फ्रांकफुर्टच्या घरांसाठीं एकीनेंच वावरावें असें आटोपशीर स्वयंपाकघर आंखलें. जिन्नस हाताशीं असावा, हा त्यांतील धडा घेण्याजोगा आहे. परंतु एकत्र कुटुंबाचें भांडवल म्हणजे अनेक हात; स्वयंपाकघर एकटीपुरतें करून आपण तेंच गमावूं.

आणि केवळ घड्याळानें भागत नाहीं, घराची संमतीही लागते. रमाबाई रानडे यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध केलेल्या आठवणी ज्यांनीं वाचल्या असतील, त्यांस हें पटेल. पति शिकवावयास तत्पर. पण घरांतील वडील बायकांची नाराजी सोसून, कामें संभाळून, रमाबाईंस अक्षरांसाठीं वेळ काढावा लागला.

आमच्या घरींही हरकत निघालीच. सौभाग्यवती म्हणाल्या, "आम्हीं नाहीं का केलें सारें? तेव्हां कोणी घड्याळ घेऊन बसलें नव्हतें!" मीं विचारलें, "त्या वर्षांत आपण वाचलें काय?" त्या कांहीं वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "लग्नानंतर दासबोध उघडला होता. खूण अजून तेथेंच असेल." मला पुढें बोलवेना. ते बसलें नव्हतें हें खरेंच. आणि घड्याळ तर माझ्याच खिशांत होतें.

त्या रात्रीं सर्वांनीं बसून ठरविलें तें असें. सकाळचा चहा एकदांच. मागाहून येणाऱ्यानें थर्मासांतून ओतून घ्यावा व कप स्वतः विसळावा. किल्ल्या, औषधें, पंचांग यांस जागा नेमल्या. शोधणें ज्याचें त्यानें. भाजी निवडणें, कडधान्य भिजत घालणें, मुलांचीं दप्तरें भरणें हीं रात्रींचीं कामें, आणि त्यांत चिरंजीव व मी दोघेही. रात्रीं एकच पंगत. काम ज्याच्याकडे, त्याची आठवणही त्याच्याकडेच. "सांगितलें असतें तर केलें असतें," हें वाक्य घरांत बंद! आणि दिवेलागणीनंतर एक मुहूर्त सूनबाईचा. त्या अवधींत तिला कोणींही हांक मारूं नये. मुलांस जवळ घ्यावें, वाचावें कीं नुसतें बसावें, तें तिनें ठरवावें.

सारें सुरळीत चाललें आहे असें म्हणणें खोटें होईल. वीज गेली, पाहुणे आले, सणाचा नैवेद्य असला कीं नियम मोडतो. पहिल्या आठवड्यांत तर मीच दोनदां, "सूनबाई, चष्मा—" म्हणून तोंड उघडलें. तेव्हां आंतून नातीनें शाळेंतल्यासारखें बजावलें, "आजोबा, तास चालूं आहे!"

मी चष्मा स्वतः शोधला. तो कपाळावरच होता. आंत नात कविता म्हणत होती, तिची आई ऐकत होती. आणि देवघरापाशीं सौभाग्यवती दासबोधांतली जुनी खूण काढीत होत्या.