नऊ टेकड्यांचं शहर म्हणतात, मग नाशिक सपाट का वाटतं?

मुंबईहून नाशिककडे निघालेली गाडी कसाऱ्याला थांबते. बऱ्याच गाड्यांना इथे मागून जादा इंजिनं लावावी लागतात. रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात. पुढच्या इंजिनाने ओढायचं, मागच्यांनी ढकलायचं, असं करत गाडी थळ घाट चढून इगतपुरीला येते. १८६५ मध्ये हा मार्ग सुरू झाला, तेव्हापासून घाटाने रेल्वेचा घाम काढलाय.

आता गंमत बघा. एवढा घाट चढल्यावर पलीकडे तेवढाच उतार लागायला हवा ना? लागतो तो नावापुरता. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ५५० ते ६०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे मुंबईवरून आलेला माणूस शंभरेक मजल्यांच्या इमारतीपेक्षाही वर येऊन पोहोचलेला असतो. तरी नाशिकरोडला उतरून रिक्षा पकडली, कॉलेज रोड, सिडको, इंदिरानगर सगळं फिरून झालं, तरी चढ म्हणावा असा चढ शोधावा लागतो. नवीन नाशिकमध्ये सगळ्यात जाणवणारी चढण बहुतेक उड्डाणपुलाची असेल.

आणि हेच शहर म्हणे नऊ टेकड्यांवर वसलंय. 'नव शिखा'वरून नाशिक, असं सांगणारे आजही भेटतात.

मग खरं काय?

आधी एक गोष्ट समजून घेऊ. शहर किती उंचावर आहे हे आपल्या पायांना कळत नाही, त्यांना फक्त चढ कळतो. चढ मोजायची पद्धत सोपी आहे. १०० मीटर पुढे गेल्यावर तुम्ही ५ मीटर वर आलात, तर तो ५ टक्क्यांचा चढ. थळ घाटातला रेल्वेचा चढ १ ला ३७, म्हणजे ३७ मीटरमागे १ मीटर. टक्क्यांत सांगायचं तर जेमतेम २.७. लोखंडी रुळावर लोखंडी चाक, त्यात मागे जड डबे, म्हणून रेल्वेला एवढाही चढ भारी पडतो. तोच चढ चालणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही. सायकलवाला फार तर गिअर बदलेल. व्हीलचेअरसाठी इमारतीत जो रॅम्प करतात, त्याला १ ला १२ ही मर्यादा मानतात, म्हणजे ८ टक्क्यांच्या आसपास. आणि न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात बाल्डविन स्ट्रीट नावाची गल्ली आहे, जगातला सर्वात तीव्र चढाचा रस्ता म्हणून गिनीज बुकात नोंद झालेली. तिचा चढ जवळपास ३५ टक्के. तीन मीटर पुढे गेलात की एक मीटर वर.

नाशिकच्या सपाटपणाचं कारण जमिनीत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. मधले मऊ थर झिजले, कडक थर टिकले. म्हणून आपले डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे आणि माथ्यावर सपाट दिसतात. पांडवलेणीचा डोंगर बघा, रामशेज बघा, अंजनेरी बघा. हे सगळे जुन्या पठाराचे उरलेले तुकडे. मधली जमीन झिजून सपाट झाली आणि शहर त्या मधल्या जमिनीवर पसरलं. नाशिककर कुठेही उभा राहिला तरी त्याला डोंगर दिसतो, फक्त तो पायाखाली नसतो.

किती सपाट, याचा हिशोब गोदावरीच देते. त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर, साधारण १,३०० मीटर उंचीवर ती उगम पावते आणि तीसेक किलोमीटरमध्ये नाशिकला येईपर्यंत निम्म्याहून जास्त उंची उतरून मोकळी होते. पुढे बंगालच्या उपसागरापर्यंत १,४०० किलोमीटरहून जास्त प्रवास उरलेला असतो. तिथून तिचा उतार सरासरी काढला, तर किलोमीटरमागे अंदाजे ४० सेंटीमीटर येतो. दोन वितींपेक्षाही थोडं कमीच.

अर्थात नुसती जमीन सगळं ठरवत नाही, रस्ते कसे आखले हेही महत्त्वाचं. सातारा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलंय. तिथे डोंगराला समांतर जाणाऱ्या रस्त्यावर तुम्ही निवांत चालता, पण त्याला छेद देणारी गल्ली पकडली की दम लागतो. रत्नागिरीत मारुती मंदिर वर, बाजारपेठ खाली. सॅन फ्रान्सिस्कोवाल्यांनी तर कहरच केला. टेकड्या आहेत हे माहीत असून कागदावर पट्टीने रेघा मारल्या आणि रस्ते सरळ टेकडीवर चढवले.

आता जुन्या नाशिकमध्ये या. इथे गणित बदलतं. डिंगरअळी, चित्रघंटा, कोकणीपुरा या भागांत फिरताना गल्ली अचानक वर चढते, वळते आणि नदीकडे उतरायला लागते. नऊ टेकड्यांची गोष्ट इथली आहे. नावाचं मात्र जरा जपून घ्यावं. पांडवलेणीतल्या सातवाहनकालीन शिलालेखात 'नासिक' असं नाव येतं, म्हणजे हा शब्द दोन हजार वर्षांपूर्वीही जवळपास असाच होता. शूर्पणखेच्या नाकाची कथाही आहेच. टेकड्या खऱ्या, पण त्यांच्यावरून नाव पडलं हे सिद्ध करणं अवघड.

त्यातली एक टेकडी तर सगळीच निसर्गाने घडवलेली नाही. गोदाकाठची जुनी गढी, लोकांच्या तोंडी काझीची गढी. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर सापडले. घर पडलं, त्याच्या मातीवर नवं घर उभं राहिलं, असं शेकडो वर्षं चाललं. गावाकडे अशा मातीला 'पांढर' म्हणतात. त्या पांढरीवर आजही लोक राहतात. पण बेसाल्टचा कडा आणि मातीचा कडा यात फरक असतो. पावसाळ्यात गढीची नदीकडची बाजू ढासळते, कडेच्या घरांना धोका होतो आणि घरं सोडा म्हणून महापालिकेच्या नोटिसा निघतात.

उंचावर हे हाल, तर खोलगट भागात वेगळे. दहीपुलाजवळ आजूबाजूच्या चढांवरचं पाणी उतरून येतं. खालून सरस्वती नाला जातो. तासभर जोराचा पाऊस झाला की दुकानदार माल वर उचलायला लागतात. गोदावरीला पूर आला तर नाशिककर मीटरमध्ये बोलत नाहीत. दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी, छातीला पाणी, असं मोजतात. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरात हे मोजमाप घरोघरी पोहोचलं होतं. मारुतीच्या मूर्तीवर पाणी हातभर चढलं की सराफ बाजारात कुणाचं शटर बुडणार याचा अंदाज लोकांना येतो.

आणि एक उतार असा आहे, ज्याचं नाव प्रशासन विसरू शकत नाही. पंचवटीतला सरदार चौक. काळाराम मंदिराच्या बाजूने रामकुंडाकडे जाणारी अरुंद, उतरती वाट. २७ ऑगस्ट २००३ ला सिंहस्थाच्या शाहीस्नानाच्या दिवशी इथे चेंगराचेंगरी झाली आणि ३९ भाविकांचा जीव गेला. सपाट रस्त्यावर गर्दी थांबली तर निदान पाय रोवायला जागा असते. उतारावर मागच्याचं वजन पुढच्याच्या पाठीवर येतं आणि एक जण पडला की मागून येणाऱ्यांना थांबता येत नाही. रोज भाजीची पिशवी घेऊन तिथून जाणाऱ्याला तो उतार जेमतेम जाणवतो. २०२७ च्या सिंहस्थाला लाखो लोक पुन्हा रामकुंडाकडेच उतरणार आहेत.